बॉनेट उघडून केलेली पूजा

“टाकीत एवढं पेट्रोल, अन् अंदर आग. मंग सारं पेट्रोल एकदमच काहून नाही पेटत?” शालूने विचारले.

चिंतामण वझलवार हसला. शोरूममधल्या राखी रंगाच्या गाडीवर तळहात ठेवून तो म्हणाला, “ताई, परतवाड्याच्या डॉक्टरसाहेबांनी हीच गाडी नेली. गेल्या श्रावणात भर पावसात घाट उतरून एका बाळंतिणीला दवाखान्यात आणलं. डॉक्टर माणूस. बिनभरवशाच्या वस्तूत तो बाळंतिणीला बसवील का?”

“म्हंजे तुमाले माईत नाही,” शालू म्हणाली.

तिचा भाऊ शेषराव मोठ्याने हसला. “शालू, महाराजाइले काहून तरास देऊन राह्यली? आपल्याले गाडी घ्याची हाय का बनवाची हाय?”

चिंतामणही हसण्यात सामील झाला आणि बोलता बोलता त्याने गाडीचे मागचे दार लावले. दार लावण्याची त्याची एक पद्धत होती. आपटायचे नाही, ढकलायचेही नाही; शेवटच्या वितीला फक्त मनगटाचा जोर द्यायचा. मग तिजोरीचे दार बसावे तसा भरीव आवाज येई. तो आवाज ऐकून गिऱ्हाइके मान डोलावत. शेषरावानेही डोलावली. शालूने डोलावली नाही. ती अजून बॉनेटकडे पाहत होती.

अमरावतीत बडनेरा रस्त्यावर बापूसाहेबांचे हे शोरूम होते. त्यात एकच गाडी होती आणि ती विकायची नव्हती. एकसष्ट साली मोटारगाडी दुकानात जाऊन विकत आणता येत नसे. नाव नोंदवायचे आणि नंबर येईपर्यंत थांबायचे. कोणी दोन वर्षे थांबे, कोणी चार. गाडी विकण्यासाठी सेल्समनची काही गरज नव्हती. गरज होती ती थांबलेल्या माणसाला थांबवून ठेवण्यासाठी. या कामात चिंतामणचा हात धरणारा सगळ्या वऱ्हाडात कोणी नव्हता.

तो कधीच तारीख सांगत नसे, सण सांगे. “दसऱ्याच्या सुमारास येईल असं वाटतं,” तो म्हणे. कोणत्या दसऱ्याच्या, असे विचारणारा अजून भेटला नव्हता. संक्रांतीला नाव नोंदवलेल्या गावातल्या प्रत्येकाच्या घरी तो स्वतः तिळगूळ घेऊन जाई. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाचा जिनिंगचा भागीदार फुटला, कोणाच्या थोरल्या भावाने गाडी घेतल्यामुळे धाकट्याला झोप लागत नाही, हे सगळे त्याला ठाऊक असे. दर्यापूरचा कापसाचा व्यापारी आला की तो गाडीविषयी चकार शब्द काढत नसे; व्यापाऱ्याच्या आईला मागच्या गादीवर बसवी आणि विचारी, “काय आजी, लुगड्याला दार अडचणीचं नाही ना होत?” आजी म्हणे, “नाही बाप्पा.” संपला व्यवहार.

इंजिनाविषयी कोणी विचारलेच तर इंजिनाने उत्तर द्यायचे नाही, माणसाने द्यायचे. परतवाड्याचे डॉक्टर, अकोल्याचे वकील, मूर्तिजापूरचे एक देवभोळे जमीनदार अशी माणसे त्याने त्यासाठी तयार ठेवली होती. खुद्द इंजिन त्याने पाहिले होते ते दुसऱ्याचे स्वयंपाकघर अंगणातून दिसावे तेवढेच. त्याला गाडी चालवता येत नव्हती. तो सायकलने कामावर येई आणि सायकलनेच घरी जाई. “आले गाड्यांचे महाराज,” त्याची बायको कुंदा म्हणे, “सायकलीला जागा द्या.”

महाराज हे नाव त्याला पूजेमुळे पडले होते. त्याचे वडील अंबागेटच्या आत भिक्षुकी करत. चिंतामण मॅट्रिक झाला, टायपिंग शिकला आणि बापूसाहेबांकडे पत्रव्यवहाराला लागला. एकदा एका जिनिंगवाल्याची नवी जीप दारात सजवून उभी होती आणि बोलावलेले गुरुजी येईनात. मुहूर्त टळू लागला. तेव्हा चिंतामण टाइपरायटरवरून उठला, हातपाय धुऊन आला आणि त्याने पूजा सांगितली. मोटारीसाठी वेगळा मंत्र नव्हता. रथाचा होता, तो त्याने चालवला. आवाज खणखणीत होता. रस्त्यावरचे लोकसुद्धा हात जोडून थांबले. दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी त्याला टाइपरायटरवरून उठवून शोरूममध्ये उभे केले.

त्याला आता आठ वर्षे झाली होती. महाराजांच्या हातची गाडी लाभते, असे लोक म्हणू लागले होते. हा समज खरा की खोटा, हे कोणी तपासले नव्हते. अपघात झाला तर दोष ड्रायव्हरचा ठरे, नाही झाला तर गुण पूजेचा. चिंतामण स्वतः याविषयी काही बोलत नसे. नाकारतही नसे.

त्या वर्षी बापूसाहेब अकोल्याला शाखा काढत होते. पैसा तिथल्या ओमप्रकाश नावाच्या कापूस-व्यापाऱ्याचा, माणूस बापूसाहेबांचा. तो माणूस म्हणजे आपण, हे चिंतामणने गृहीत धरले होते आणि बापूसाहेबांनीही तसे बोलून दाखवले होते. वेगळी केबिन, दारावर नाव, वर राहायला दोन खोल्या. कुंदाने अकोल्यातल्या तिच्या मावसबहिणीला शाळांची चौकशी करायला सांगून ठेवली होती. “फक्त ओमप्रकाशजी एकदा तुम्हाला काम करताना पाहतील,” बापूसाहेब म्हणाले होते. “वरूडकरांच्या गाडीच्या दिवशी बोलावतो त्यांना. तुमची पूजा पाहिली की झालं.”

वरूडकर म्हणजे शालूचे घर. तिच्या वडिलांमागे मनकर्णाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, संत्र्याची बाग एकटीने उभी केली होती. झाडांना पाणी देण्यापासून मालाच्या सौद्यापर्यंत बाई कोणाचे ऐकत नसत. शालू चार वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी परत आली, तेव्हापासून मालाचा सगळा हिशेब तीच पाही. गाडी घ्यायची ठरल्यावर कोणती घ्यायची हे पाहायलाही तीच भावाबरोबर अमरावतीला येई. गाडी हाती मिळण्याच्या आदल्या खेपेला मनकर्णाबाईही आल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि चिंतामणला सांगितले, “गाडी हिनं पाह्यली, हिनं पारखली. पैले हेच बसन. लोकं काय म्हनतीन ते म्हनतीन.”

“बसू द्या ना,” चिंतामण म्हणाला होता. “गाडीला काय कळतं?”

*

आंबिया बहाराची संत्री निघायला लागली होती. वरूडकर आले ते दोन टोपल्या भरून संत्री घेऊन. शेषराव, शालू, मनकर्णाबाई आणि शेषरावाची आत्या चतुराबाई. शेषरावाची बायको बाळंतपणाला गेली होती, म्हणून गाडीला ओवाळण्यासाठी सवाष्ण म्हणून चतुराबाईंना आणले होते. पूजेनंतर अंबादेवीचे दर्शन घेऊन मोर्शीमार्गे वरूड, असा बेत होता.

गाडी शोरूमसमोर झेंडूच्या माळा घालून उभी होती. नाव नोंदवून थांबलेली दहा-बारा माणसे जमली होती. नवी गाडी द्यायची असली की ती अशी येत. आपल्या वेळी काय काय होईल ते आधीच बघून घेत. ओमप्रकाशजी खुर्चीवर बसले होते आणि बापूसाहेब त्यांच्या शेजारी उभे होते.

चिंतामणने रेशमी कद नेसला होता. एरवी तो चाकांना, दारांना आणि स्टिअरिंगला कुंकू लावी, बॉनेटवर बाहेरून स्वस्तिक काढी आणि नारळ फोडी. आज तेवढ्यावर भागणार नाही असे त्याला वाटले. काहीतरी जास्त करायला हवे होते, जे अकोल्यात पाहिलेले नसेल.

“आज आपण नुसती वाहनपूजा करणार नाही,” तो मोठ्याने म्हणाला. “यंत्राची पूजा करू. बॉनेट उघडा.”

लोक पुढे सरकले. बॉनेट कुठून उघडते हे त्यालाही ठाऊक नव्हते, म्हणून वर्कशॉपमधून सूर्यभान मेकॅनिकला बोलवावे लागले. सूर्यभानने हात घालून खटका ओढला, बॉनेट टेकवले आणि हात पुसत तो पुन्हा आत गेला.

चिंतामणने आत पाहिले. सगळीकडे नळ्या, तारा आणि लोखंड. पूजा नेमकी कशाची करायची हे कळेना. मग त्याला एका बाजूला काहीतरी दिसले. काळे, गोल, गुळगुळीत, मधोमध उंचवटा असलेले. त्यातून जाड तारा निघून इंजिनाकडे गेल्या होत्या. भिक्षुकाच्या घरात वाढलेल्या माणसाला ते कशासारखे वाटावे? त्याला ती सरळ पिंडी वाटली. त्याने तिला कुंकू वाहिले, झेंडूचे फूल वाहिले आणि मंत्र म्हणत तांब्यातल्या पाण्याची पळी पळीने धार धरली. त्याचा आवाज त्या दिवशी फार चांगला लागला होता. ओमप्रकाशजींनी डोळे मिटून हात जोडलेले त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले.

बॉनेट मिटले. चतुराबाईंनी गाडीला ओवाळले. मनकर्णाबाईंनी शालूच्या पाठीवर हात ठेवला आणि शालू पुढच्या सीटवर भावाच्या शेजारी जाऊन बसली. काठ नसलेले पांढरे लुगडे, त्याचा पदर तिने गुडघ्यावर नीट घेतला. शेषरावाने किल्ली फिरवली.

घर्र घर्र घर्र, असा आवाज झाला आणि थांबला.

“थंडी हाय,” शेषराव म्हणाला. त्याने पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन घरघरत राहिले, पण पेट घेईना. तिसऱ्या वेळी घरघरही दमल्यासारखी झाली. रस्त्यावरून जाणारा टांगेवाला टांगा थांबवून बघू लागला.

“मी म्हनत नोती का?” चतुराबाई म्हणाल्या. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “पैले सवाष्णीनं बसाव. माह्यं कोन आयकते?”

“गप ऱ्हाय आत्याबाई,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“मी गप राह्यली तं गाडी चालू होईन का?”

मनकर्णाबाई गाडीच्या खिडकीशी गेल्या. सौदा करताना व्यापाऱ्याला घाम फोडणारा तो चेहरा एकदम म्हातारा दिसला.

“शालू, उतर माय.”

“आई, गाडीले काई तरी झालं असन. पाह्यतीन ना थे.”

“उतर. मले काई वाटत नाही, पोरी. पन हे गावात जाऊन सांगतीन. तुहा नवरा गेला तवा बोलले तसे पुन्हा बोलतीन तुले. तू मांगून ये यश्टीनं.”

शालू उतरली. दार तिने लोटले ते अर्धवटच लागले. ती शोरूमच्या भिंतीशी संत्र्यांच्या टोपल्यांजवळ जाऊन उभी राहिली. आपण गाडीकडे बघत नाही आहोत असे दाखवण्यासाठी रस्त्याकडे पाहू लागली.

तेवढ्यात सूर्यभान आला. त्याने बॉनेट उघडले, वाकून बघितले आणि मान वर करून आधी चिंतामणकडे पाहिले. मग खांद्यावरच्या फडक्याने त्याने फूल बाजूला केले, कुंकवाचा लाल चिखल पुसला, ते काळे झाकण काढून आतून कोरडे केले, तारा पुसल्या आणि झाकण पुन्हा बसवले. हे करताना तो ओठ न हलवता चिंतामणशी बोलत होता.

“महाराज, पानी तुमचंच होय. अठी पानी पडलं का ठिणगी बाहेरच्या बाहेर पळते, अंदर जात नाही. काई फिकीर नका करू. मी सांगतो पेट्रोल चढलं नोतं. कोनाले काय समजते?”

“मारा शेल!” त्याने शेषरावाला ओरडून सांगितले.

शेषरावाने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“पाह्यलं?” चतुराबाई म्हणाल्या. “थे उतरली, अन् गाडी लागली.”

टाळ्या थांबल्या.

“पेट्रोल चढलं नोतं, माय,” सूर्यभान म्हणाला. “नव्या गाडीले होते असं.”

“मंग थे उतरल्यावरच कसं चढलं?”

सूर्यभान फडके झटकू लागला. मनकर्णाबाईंनी खाली पाहिले. आता त्यांच्याही मनात ते आले होते, हे चिंतामणला दिसले. मघापर्यंत त्यांना लोकांची भीती होती. आता मुलीचीच वाटू लागली होती.

बापूसाहेब जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “वझलवार, आटपा. नारळ फोडा आणि लावा त्यांना वाटेला. ओमप्रकाशजींना अकोल्याची गाडी गाठायची आहे. सगळं छान झालंय.”

खरोखरच सगळे छान झाले होते. गाडी चालू होती. पेट्रोलचे कारण सभ्य होते, त्यात दुकानाची अब्रू होती आणि महाराजांचीही. फक्त त्या कारणाला कोणाचा हात चिकटलेला नव्हता. पेट्रोल आपोआप चढत नाही आणि आपोआप चढते. मग ते कधी चढले हे ज्याला जसे हवे तसे त्याने ठरवावे. चिंतामणची आठ वर्षे अशाच मोकळ्या जागेवर उभी होती. ही जागा आता चतुराबाई वापरत होत्या.

“शेषराव,” तो म्हणाला, “गाडी बंद करा.”

“काहून जी? आताच तं लागली.”

“बंद करा. सूर्यभान, बॉनेट मिटू नको.” शेषरावाने गाडी बंद करताच चिंतामण लोकांकडे वळला. पूजेसाठी लावलेला आवाज अजून उतरला नव्हता, त्यामुळे पुढचे सगळे शब्दही टांगेवाल्यापर्यंत गेले. “ही गाडी मी बंद पाडली. पाणी मी घातलं. जिथं घालायचं नसतं तिथं घातलं. हे काळं झाकण काय आहे, ते मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. आठ वर्षं गाड्या देतोय, पण आत काय असतं ते मला माहीत नाही.”

“वझलवार!” बापूसाहेब म्हणाले.

“असं काय बोलता महाराज?” चतुराबाई हसल्या. “पोरीची बाजू घेऊन राह्यले तुमी. तुमच्या हातून कशी बंद पडन गाडी?”

चिंतामणने ओट्यावरचा तांब्या उचलला. “मग पाहा,” तो म्हणाला.

“अवो, माही नवी गाडी हाय जी!” शेषराव ओरडला.

“महाराज, बह्याड झाले का?” सूर्यभानने त्याचा हात धरला. “इंजन गरम झालं आता. पानी पडूनही लागली तं?”

हा विचार चिंतामणच्या मनात आला नव्हता. आता आला. गाडी या खेपेला पाण्यासकट सुरू झाली असती, तर शालूला त्या गाडीत कोणी जन्मात बसू दिले नसते. त्याला इंजिनातले काही कळत नव्हते. त्याच्याजवळ फक्त सूर्यभानचे एक वाक्य होते.

“तू मला खरं सांगितलंस ना?” त्याने विचारले.

“खरंच सांगतलं.”

“मग सोड.”

मंत्र न म्हणता त्याने त्या काळ्या झाकणावर आणि तारांच्या बुडाशी तांब्या रिकामा केला. “मारा सेल्फ,” तो म्हणाला.

शेषरावाने देवाचे नाव घेतले आणि किल्ली फिरवली. इंजिन घरघरले. एकदा फट् असा आवाज झाला. पण तेवढेच. पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा नुसती घरघर.

“शालूताई,” चिंतामणने मान न वळवता विचारले, “तुम्ही कुठं उभ्या आहात?”

“अठी. भितीपाशी.”

“गाडीला हात लावला?”

“नाई.”

“मग मनकर्णाबाई, आता ही गाडी कोणामुळं बंद आहे?”

मनकर्णाबाईंनी एकवार त्याच्याकडे, मग ओल्या इंजिनाकडे पाहिले. “तुमच्यामुळं,” त्या म्हणाल्या.

“हो. माझ्यामुळं.”

कोणीतरी खुदकन हसले. मग सगळेच हसले. टांगेवाला सगळ्यांत जोराने हसला. सूर्यभान पुटपुटत पुन्हा फडके घेऊन वाकला. “सकाळपासून दुसऱ्यांदा हेच काम. आंग धुतल्यावानी धुतलं इंजन.” शालू भिंतीपासून निघाली. ती दाराकडे न जाता बॉनेटपाशी आली आणि सूर्यभान काय पुसतो आहे ते वाकून पाहू लागली. त्याने झाकण उलटे करून तिला आतले पितळी ठिपके दाखवले. तिने बोट पुढे केले आणि लावण्याआधी विचारले, “लावू का?”

“कोरडं हाय का बोट?”

“हाय.”

“मंग लावा.”

मनकर्णाबाई म्हणाल्या, “झालं असन पाहून तं बस वं आता. पुढंच बस.”

“मले का माईत बाप्पा पान्याचं,” चतुराबाई म्हणाल्या आणि मागचे दार उघडून सगळ्यांच्या आधी आत शिरल्या.

शालू बसली. या खेपेला दार तिने ओढून घट्ट लावले. शेषरावाने किल्ली फिरवली. क्षणभर घरघर झाली आणि मग इंजिनाने सूर धरला. गाडी राजापेठेकडे वळेपर्यंत लोक पाहत होते. मनकर्णाबाईंनी जाता जाता खिडकीतून एक संत्रे काढून चिंतामणच्या ओंजळीत टाकले.

नाव नोंदवून थांबलेले एक वकील पुढे आले. “काय महाराज, मग आमच्या गाडीची पूजा कोणाकडून करवायची?”

“मीच करीन,” चिंतामण म्हणाला. “बॉनेट मिटून.”

*

ओमप्रकाशजी खुर्चीवरून उठले होते. त्यांनी चिंतामणला नमस्कार केला, तो मनापासूनचा होता. मग बापूसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून ते बाजूला गेले. “आदमी नेक है,” ते म्हणाले, “मी घरच्या लग्नाला बोलावीन त्यांना. पण गादीवर नेक नाही, पक्का माणूस लागतो. समजलं ना?”

बापूसाहेबांना समजले. दोन दिवसांनी त्यांनी चिंतामणला आत बोलावून अकोल्याला पुतण्याला पाठवत असल्याचे सांगितले. ते रागावलेले नव्हते. “तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल मी काही म्हणत नाही,” ते म्हणाले. “पण चार वर्षं थांबलेल्या माणसासमोर दुकानाने ‘माहीत नाही’ म्हणायचं नसतं. तो मग विचारतो, तुम्हाला माहीत काय आहे?”

“बरोबर आहे,” चिंतामण म्हणाला. ते त्याला खरेच बरोबर वाटत होते.

कुंदाने ऐकले आणि चुलीवरचे दूध उतू जाऊ नये म्हणून आधी ते बाजूला घेतले. “मुलांची नावं इथल्याच शाळेत राहू देत मग,” ती म्हणाली. मावसबहिणीला काय कळवायचे, ते जेवण झाल्यावर तिने स्वतःच कार्डावर लिहिले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी, शोरूमचे शटर पडल्यावर, चिंतामण घरी न जाता मागे वर्कशॉपमध्ये गेला. सूर्यभान हात धूत होता.

“काय पाह्यजे महाराज?”

“ते झाकण दाखव. सगळं सांग.”

सूर्यभानने हात पुसले. भिंतीशी एक जुने इंजिन उघडे पडले होते, ते त्याने पुढे ओढले आणि एक रिकामे पोते अंथरले. चिंतामण पोत्यावर मांडी घालून बसला. सूर्यभानने चार सिलिंडर दाखवले, चार तारा दाखवल्या, मधली पाचवी कुठून येते ते दाखवले.

“ठिणगी चारही घरात एकदम नाही जात. पाळीपाळीनं जाते. अन् वळीनं बी नाही जात. एक, तीन, चार, दोन.”

“दुसरं शेवटी का?”

“वळीनं मारलं तं आतला दांडा एकाच बाजूनं हिसके खाते. असं उलटसुलट मारलं का गाडी मऊ चालते. पाठ करा. एक, तीन, चार, दोन.”

“एक, तीन, चार, दोन,” चिंतामण म्हणाला. “एक, तीन, चार, दोन.”

“एक बार म्हना जी, पुरे होते.”

“आमच्याकडे संथा अशीच देतात. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा.”

सूर्यभान गुरू या शब्दाला लाजला आणि विडी शोधू लागला. चिंतामणने कानावरचे केस मागे सारले, पाठ ताठ केली आणि बोट पहिल्या तारेवर ठेवले.

“पुढचं सांग,” तो म्हणाला.